आगवाला आणि तेलवाला : जहाजावरील डीझेल एंजिनाची कथा

वर्धा जिल्ह्यांतील माणसाला समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकांतली गोष्ट. वर्धेहून मुंबईचें बंदर लोहमार्गानें सुमारें पावणेपांचशे मैल. आणि वर्धा नदीचें पाणी सागराला मिळतें तेंहि मुंबईकडे नव्हे, तर वैनगंगेशीं संगम पावून, प्राणहिता हें नांव धारण करून, गोदावरीच्या सोबतीनें पूर्वसमुद्राकडे. असें असतां जहाजावरील डीझेल एंजिन कसें चालवावें व कसें राखावें, हा विषय या जिल्ह्यांतील श्रोत्यांपुढें मांडण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होईल. त्याचें उत्तर असें कीं, आपल्याकडील विहिरीवर आणि पिठाच्या गिरणींत जें तेलाचें एंजिन वर्षानुवर्षें धडधडत आलें, तें जहाजाच्या पोटांतील प्रचंड एंजिनाचेंच धाकटें भावंड होय. दोघांचें कूळ एक, दोघांचें अंतरंग एक, आणि दोघांचे रागलोभहि एकच. थोरल्याच्या इतिहासांत माणसांनीं प्राण वेंचून जे धडे मिळविले, ते धाकट्याजवळ वावरणाऱ्याला फुकट मिळण्याजोगे आहेत. मात्र ते मागून घेतले पाहिजेत.

हा इतिहास समजण्यासाठीं प्रथम वाफेच्या जहाजाच्या तळाशीं जावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई व कलकत्ता या बंदरांतून जीं आगबोटी निघत, त्यांच्यावरील कामकऱ्यांत आपल्या देशांतील माणसें हजारोंनीं असत. डेकवर रत्नागिरीकडील खलाशी, भटारखान्यांत व मेजावर गोव्याची मंडळी, आणि खालीं भट्ट्यांपाशीं पंजाब, सरहद्द किंवा सिल्हेट या भागांतील लोक, अशी एक वाटणी पडून गेली होती. त्यांच्यावर सारंग व टिंडल हे मुकादम. भट्टींत कोळसा मारणारा तो ‘आगवाला’, कोळसा वाहून आणणारा तो ‘कोळसेवाला’, आणि एंजिनाच्या फिरत्या भागांना तेल पाजणारा तो ‘तेलवाला’. या तीन शब्दांत आगबोटीच्या तळघराची सारी समाजव्यवस्था सामावलेली आहे. आगवाल्याचा पहारा चार तासांचा. त्या चार तासांत भट्टीचें दार उघडावें, फावड्यानें कोळसा पसरावा, लांब सळईनें निखारे मोडावे, राख ओढावी, आणि पुन्हां दार उघडावें. तांबड्या समुद्रांतून जहाज जात असतांना त्या तळघरांतील उष्म्यानें माणसें बेशुद्ध पडत. इतके कष्ट करून कोळशांतील जी उष्णता निर्माण होई, तिच्यांतील फार थोडा अंश जहाज पुढें ढकलण्याच्या कामीं येई. बाकीची धुराड्यावाटे आणि थंड करण्याच्या पाण्यावाटे वायां जाई.

ही उधळपट्टी ज्याच्या मनाला लागली, तो रुडोल्फ डीझेल. त्याचा जन्म १८५८ सालीं पॅरिस येथें जर्मन आईबापांच्या पोटीं झाला. १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांच्यांत युद्ध पेटलें, तेव्हां या कुटुंबाला पॅरिस सोडावें लागलें. पुढें म्युनिक येथें शिकत असतांना प्रोफेसर लिंडे यांच्या व्याख्यानांत त्यानें ऐकलें कीं, वाफेचें एंजिन इंधनांतील उष्णतेचा शेंकडा दहाच्या आंतबाहेरच भाग कामाला लावतें. उरलेल्या नव्वदांचें काय, हा प्रश्न या विद्यार्थ्यानें जन्मभर सोडला नाहीं.

त्याच्या युक्तीचें मर्म एका घरगुती अनुभवावरून ध्यानांत येईल. सायकलींत हवा भरतांना पंपाचें तोंड गरम होतें, हें सर्वांना ठाऊक आहे. हवा दाबली म्हणजे ती तापते. डीझेलनें विचार केला कीं, हवा जर इतकी दाबली, कीं तिची उष्णता ५०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर जाईल, तर तिच्यांत सोडलेलें तेल कोणी काडी न लावतां आपोआप पेटेल. आणि ज्या नळकांड्यांत काम व्हावयाचें, त्याच नळकांड्यांत आग निर्माण झाल्यामुळें वेगळी भट्टी, वेगळा बॉयलर यांची गरजच उरणार नाहीं. १८९३ सालीं त्याला या कल्पनेचें जर्मन पेटंट मिळालें. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत ऑग्सबर्ग येथील कारखान्यांत पहिल्या एंजिनाची परीक्षा घेतली असतां दाब मोजण्याचें उपकरणच स्फोट होऊन उडालें, आणि जवळ उभीं असलेलीं माणसें थोडक्यांत बचावलीं. प्रयोग फसला खरा, पण नुसत्या दाबानें तेल पेटतें हें त्यानेंच सिद्ध झालें. या एंजिनाचा स्वभाव त्याच्या जन्माच्या दिवशींच असा प्रगट झाला. पुढें चार वर्षें खपून १८९७ सालीं त्यानें वीस अश्वशक्तीचें जें एंजिन उभें केलें, तें इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग कामाला लावीत असे. आज मोठ्या जहाजांवरील डीझेल एंजिनें हें प्रमाण शेंकडा ५० च्या आसपास नेतात.

येथें वर्धेकरांना जवळची वाटेल अशी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत एक लहानसें डीझेल एंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. ज्या देशांत खनिज तेल नाहीं पण तेलबिया पिकतात, तेथें शेतकऱ्यानें आपलें इंधन आपणच पिकवावें, हा विचार त्यामागें होता, आणि स्वतः डीझेलहि पुढें या विचाराचा पुरस्कार करूं लागला. वर्धेस १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, आणि मगनवाडींत जमनालाल बजाजांनीं दिलेल्या जागेंत, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखालीं, बैलघाणी सुधारण्याचे प्रयोग सुरू झाले. तेलाच्या एका थेंबाकडे एकजण यंत्राचें अन्न म्हणून पाहत होता, दुसरे माणसाचें अन्न व खेड्याचा धंदा म्हणून पाहत होते. दोघांचीहि तक्रार मात्र एकाच गोष्टीविरुद्ध होती, आणि ती म्हणजे उधळपट्टी.

आतां आपण समुद्रावर येऊं. १९०३ सालीं रशियांत नोबेल बंधूंच्या कंपनीनें व्होल्गा नदीवरून तेल वाहून नेणाऱ्या ‘वँडल’ नांवाच्या जहाजावर डीझेल एंजिनें बसविलीं. परंतु महासागर ओलांडणारें, सर्व जगाच्या डोळ्यांत भरलेलें जहाज म्हणजे डेन्मार्कचें ‘सेलंडिया’. कोपनहेगन येथील बर्माइस्टर आणि वेन यांच्या गोदींत तें बांधलें गेलें, आणि १९१२ सालच्या फेब्रुवारींत बँकॉकच्या सफरीला निघालें. त्यावर प्रत्येकीं आठ नळकांड्यांचीं व १२५० अश्वशक्तीचीं दोन एंजिनें होतीं. लोकांना सर्वांत चमत्कारिक वाटलें तें हें कीं, या जहाजाला धुराडेंच नव्हतें. एंजिनाचा धूर डोलकाठीवाटे बाहेर जाई. वाटेंत लंडनला तें थांबलें असतां ब्रिटिश आरमाराचे तत्कालीन मंत्री विन्स्टन चर्चिल मुद्दाम तें पाहण्यास गेले होते. दुर्दैव असें कीं, आपल्या शोधाचा हा विजय पुरता भोगण्याचें डीझेलच्या नशिबीं नव्हतें. १९१३ सालच्या २९ सप्टेंबरच्या रात्रीं अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवरून तो नाहींसा झाला. सकाळीं त्याची खोली रिकामी आढळली. पुढें कांहीं दिवसांनीं त्याचें प्रेत समुद्रांत सांपडलें. अपघात कीं आत्महत्या, याचा निर्णय आजवर लागलेला नाहीं.

त्याच्यामागें त्याचें एंजिन मात्र झपाट्यानें पसरलें. दुसरें महायुद्ध सुरू झालें त्या सुमारास जगांतील व्यापारी जहाजांच्या एकूण वजनापैकीं जवळजवळ चतुर्थांश भाग डीझेलवर चालत होता. कोळशाच्या कोठारांची जागा मालाला मिळाली, बंदरांत दिवसभर टोपल्यांनीं कोळसा चढविण्याचें काम नळी जोडण्यावर आलें, आणि भट्टीपुढचा आगवाला हळूहळू इतिहासजमा झाला. राहिला तो तेलवाला. माणसाची अमानुष कष्टांतून सुटका झाली, हा या यंत्राचा निःसंशय मोठा उपकार होय.

परंतु कष्ट गेले म्हणून धोका गेला, असें नाहीं. धोक्याचें रूप पालटलें. आगवाल्याला आग डोळ्यांपुढें दिसत होती. तिचा रंग, तिचा आवाज, वाफेच्या दाबाचा कांटा, हीं सर्व त्याला सावध करीत. डीझेल एंजिनांतील आग लोखंडाच्या भिंतींआड असते. ती मिनिटांत शेंकडों वेळां पेटते आणि विझते, पण कोणाला दिसत नाहीं. तेथें माणसाचें काम बाहुबळाचें न राहतां अवधानाचें झालें. आणि बाहुबळ कमी पडलें तर तें तत्काळ कळतें. अवधान कमी पडलें तर तें कित्येकदां स्फोट झाल्यावरच कळतें.

याची सर्वांत दारुण साक्ष १९४७ सालीं मिळाली. ‘रेना डेल पॅसिफिको’ हें मोठें उतारू जहाज १९३१ सालीं बेलफास्ट येथें बांधलेलें. त्यावर चार डीझेल एंजिनें, प्रत्येकाला बारा नळकांडीं. आपल्याकडील वाचकांना या जहाजाची दुसरी एक ओळख आहे : ज्यांच्या जातीय निवाड्यामुळें १९३२ सालीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनीं उपोषण आरंभिलें आणि पुढें पुणें करार घडून आला, ते ब्रिटनचे माजी पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड १९३७ च्या नोव्हेंबरांत याच जहाजावर प्रवासांत वारले. युद्धकाळांत त्यानें सैनिकांची वाहतूक केली. युद्ध संपल्यावर बेलफास्ट येथें त्याची पूर्ण दुरुस्ती झाली, आणि ११ सप्टेंबर १९४७ रोजीं तें परीक्षेसाठीं समुद्रांत नेण्यांत आलें. वेग वाढवून एंजिनांची कसोटी चालली असतां एंजिनखोलींत भयंकर स्फोट झाला. तो एका एंजिनापुरता न राहतां चारहि एंजिनांच्या तळपेट्यांत पसरला, आणि २८ माणसें प्राणांस मुकलीं. यांतील बहुतेक अडाणी किंवा निष्काळजी नव्हते. गोदींतील निष्णात कारागीर आणि जहाजाचे एंजिनियर होते. म्हणूनच सर्व सागरी जग हादरलें.

चौकशींत जें कारण पुढें आलें, तें नीट समजून घेण्यासारखें आहे. एंजिनाच्या खालच्या बंद पेटींत, जिला क्रँककेस म्हणतात, भुजादंड गरगर फिरत असतो व वंगणाचें तेल सर्वत्र शिंपडलें जात असतें. हें शिंतोड्यांचें तेल सहसा पेटत नाहीं, कारण थेंब मोठे असतात. परंतु एखादा दट्ट्या किंवा बेअरिंग अति तापलें, तर त्यावर पडलेल्या तेलाची वाफ होते. ती वाफ पेटीच्या थंड भागांत जाऊन तिचें अतिसूक्ष्म कणांचें पांढरें धुकें बनतें. हवेशीं विशिष्ट प्रमाणांत मिसळलेलें असें धुकें बंदुकीच्या दारूसारखें होय, आणि त्याला पेटविणारा तोच तापलेला भाग जवळच हजर असतो. पहिला स्फोट कित्येकदां लहानच होतो. पण त्यानें पेटीचें दार उडालें, म्हणजे आंत क्षणभर पोकळी निर्माण होऊन बाहेरची ताजी हवा वेगानें शिरते, उरलेल्या धुक्याशीं मिसळते, आणि दुसरा स्फोट होतो. माणसें मरतात तीं बहुधा या दुसऱ्या स्फोटानें.

या दुर्घटनेनंतर संशोधनाला जोर आला. पेटीच्या दारांवर अशा झडपा बसविण्याची पद्धति पडली, कीं आंतील दाब वाढतांच त्या उघडाव्या, ज्वाला जाळींत अडावी, आणि दाब उतरतांच झडप आपोआप मिटून बाहेरची हवा आंत शिरूं नये. नळकांड्याचा व्यास २०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल, अथवा पेटीचें घनफळ ०.६ घनमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर जहाजावरील एंजिनाला अशा झडपा असल्याच पाहिजेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आज आहे. मोठ्या एंजिनांवर तेलाचें धुकें ओळखून इशारा देणारीं उपकरणेंहि बसवितात.

पण या सर्वांहून महत्त्वाचा नियम माणसासाठीं आहे. धुक्याचा इशारा मिळाला, पेटीचें दार हाताला अवाजवी गरम लागलें, जळक्या तेलाचा वास आला, तर एंजिनियरानें प्रथम काय करावें? स्वाभाविक ओढ अशी कीं, दार उघडून आंत काय झालें तें पाहावें. आणि तेंच नेमकें करूं नये. वेग ताबडतोब कमी करावा, पुलावरील अधिकाऱ्यास कळवावें, शक्य होतांच एंजिन थांबवावें. वंगणाचें व थंडाव्याचें पाणी-तेल चालू ठेवावें. माणसांनीं पेटीच्या दारांसमोरून दूर व्हावें. आणि निदान वीस मिनिटें, किंबहुना एंजिन पुरतें निवेपर्यंत, कोणीहि दार उघडूं नये. जिज्ञासा हा एरवीं एंजिनियराचा गुण. पण या वीस मिनिटांत जिज्ञासेला आवर घालणें हाच गुण होय.

दुसरेहि धोके असेच एकेका अपघातानें शिकविले. मोठें एंजिन हातानें फिरवून चालू करतां येत नाहीं. वातावरणाच्या २५ ते ३० पट दाबाची हवा नळकांड्यांत सोडून त्याला गति द्यावी लागते. या हवेच्या नळ्यांत तेलाचा थर साचला, आणि एखादी झडप गळून नळकांड्यांतील जळता वायु उलट नळींत शिरला, तर नळीच फुटते. म्हणून हवेच्या टाक्यांतील तेल-पाणी नित्य काढून टाकावें, आणि एंजिन चालू असतां त्या झडपेजवळील नळीला हात लावून ती गरम तर नाहीं ना, हें पाहावें. इंधनाची नळी फुटून तेलाचा फवारा धुराच्या तप्त नळीवर पडला, तर एंजिनखोली क्षणांत पेटते. म्हणून इंधनाच्या उच्च दाबाच्या नळीवर दुसरें वेष्टण असतें, आणि तप्त भाग उष्णतारोधक आच्छादनाखालीं झांकलेले असतात. दुरुस्तीसाठीं काढलेलें आच्छादन पुन्हां न बसविणें, हें किरकोळ आळसाचें काम वाटतें. परंतु आगीचा आरंभ कित्येकदां तेथूनच होतो.

राखणीचे नेहमींचे नियम याहून साधे आहेत. इंधन स्वच्छ हवें; त्यांत पाणी किंवा कचरा गेला, कीं तेल सोडणाऱ्या तोटीचीं बारीक छिद्रें बुजतात अथवा झिजतात. वंगण स्वच्छ व पुरेसें हवें. तें दुधाळ दिसूं लागलें, तर त्यांत पाणी शिरलें असें समजावें. समुद्राच्या पाण्याची जाळी वेळोवेळीं साफ हवी, नाहींतर शेवाळ व कचरा अडकून थंडावा तुटतो. एंजिन पुष्कळ वेळ बंद राहिल्यावर नळकांड्यांच्या लहान तोट्या उघडून, एंजिन हळूच फिरवून, आंत पाणी साचलेलें नाहीं अशी खात्री करून घ्यावी. कारण पाणी हवेसारखें दबत नाहीं, आणि दट्ट्या त्यावर आदळला तर भुजा वांकते. आंत हात घालण्यापूर्वीं सुरुवातीची हवा बंद करावी, इंधन बंद करावें, एंजिन अवचित फिरणार नाहीं अशी अडकण लावावी, आणि माणूस काम करीत असल्याची पाटी टांगावी. आणि जें जें पाहिलें, तें तासातासाला वहींत लिहावें. उष्णता, दाब, तेलाचा खर्च यांचे आंकडे एकेकटे कांहीं बोलत नाहींत. पण कालच्या आंकड्याशेजारीं आजचा मांडला, कीं चार अंशांची वाढ पुढच्या आठवड्यांतील आपत्ति आजच सांगते.

ही विद्या शिकविण्याची सोय आपल्याकडे केव्हां झाली, हेंहि थोडक्यांत पाहिलें पाहिजे. भट्टीपुढें आगवाला आपला आणि वर हुकूम देणारा एंजिनियर परका, ही स्थिति फार काळ होती. १९२७ सालीं मुंबई बंदरांत ‘डफरिन’ हें शिक्षणजहाज सुरू झालें, तेव्हां हिंदी तरुणांना व्यापारी जहाजांवर अधिकारी होण्याची वाट मोकळी झाली. १५ फेब्रुवारी १९४५ रोजीं आरमारी एंजिनियरीच्या शिक्षणासाठीं लोणावळ्यास ‘शिवाजी’ हें केंद्र उघडलें. आरमाराच्या रिवाजाप्रमाणें त्याला जहाजच म्हणतात. तेव्हां हें जहाज समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर नांगरलेलें आहे. समुद्रावरील एंजिन शिकण्यास समुद्र डोळ्यांपुढें असलाच पाहिजे असें नाहीं, हें त्यावरून कळून येईल. १९४९ सालीं स्वतंत्र भारताच्या सरकारनें सागरी एंजिनियरीच्या शिक्षणासाठीं स्वतंत्र संचालनालय स्थापिलें. आगवाल्याच्या देशाला एंजिनियर घडविण्याची संस्था मिळण्यास असा काळ लागला.

कोंकणच्या किनाऱ्यावर हेंच एंजिन १९५० नंतरच्या काळांत मच्छीमारांच्या होड्यांत शिरलें. शिडाच्या होडीला वाऱ्याची वाट पाहावी लागे. एंजिनाची होडी ठरल्या वेळीं निघते व मासळी ताजी असतां परत येते. पण शीड फाटलें तर तें होडीवरच शिवतां येई. एंजिन भर समुद्रांत बंद पडलें, तर नाखवा, तांडेल आणि खलाशी सर्वच लाटांच्या स्वाधीन होतात. आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीसाठीं ठेवलेला हा काळ एंजिनाच्या राखणीचाहि ठरला आहे. होड्या किनाऱ्यावर ओढतात, एंजिनें उघडतात, झिजलेले भाग बदलतात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हां दर्यांत लोटतात. या दोन महिन्यांत केलेल्या कामावर पुढचे दहा महिने अवलंबून असतात.

आतां पुन्हां आपल्या विदर्भांत येऊं. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढें देशी बनावटीचें एंजिन शेतकऱ्याच्या आटोक्यांत आलें. मोटेची जागा पंपानें घेतली. विजेचा पंप आल्यावर तेलाच्या एंजिनाचें राज्य संकोचलें, तरी वीज गेली म्हणजे अजून त्याचीच आठवण होते. या लहान एंजिनाला स्फोटाच्या झडपा नसतात व नोंदवहीहि नसते; पण त्याचा एक धोका जहाजावरील कोणत्याहि धोक्याहून कमी नाहीं. पंप पाणी वर ओढतो तो फार तर वीसबावीस फुटांवरून. उन्हाळ्यांत पाणी खोल गेलें, कीं एंजिनच विहिरींत खालीं उतरवून एखाद्या कठड्यावर बसविण्याचा मोह होतो. मग धूर वर न जातां विहिरींत साचतो. प्राणवायु कमी होतो, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वाढतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. खालीं उतरलेला माणूस एकाएकीं कोसळतो, त्याला काढण्यास भाऊ उतरतो, भावाला काढण्यास शेजारी उतरतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीति येथें पुरेशी नाहीं. प्राणवायु फार कमी झाला तर कंदील विझतो हें खरें, पण या विषारी वायूनें तो विझत नाहीं, आणि माणूस मात्र मरतो. म्हणून एंजिन विहिरींत उतरवूंच नये. उतरविलेलें असेल, तर तें चालू असतां अथवा नुकतेंच बंद केलें असतां कोणीहि खालीं जाऊं नये. आणि कोणी आंत पडलाच, तर दुसऱ्यानें श्वासाच्या साधनाशिवाय त्याच्यामागें उडी घेऊं नये. वरून दोर टाकावा, ताजी हवा सोडण्याची खटपट करावी, व मदतीस माणसें बोलवावीं.

जहाजांवर बंद टाकींत उतरतांना हाच नियम आहे. तेथेंहि मेलेल्यांत पुष्कळजण पहिल्याला वाचवावयास गेलेले असत. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून सर्व देशांच्या जहाजांवर दर दोन महिन्यांनीं बंद जागेंत शिरण्याची व तेथून माणूस बाहेर काढण्याची कवाईत सक्तीची झाली आहे. जो नियम अटलांटिकवरील खलाशाला पाठ करावा लागतो, तो आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरींहि माहीत असावा.

यंत्रासंबंधीं वर्धेच्या भूमींत पुष्कळ विचार झालेला आहे. गांधीजींनीं यंत्रमात्राचा निषेध केला, असा एक सार्वत्रिक समज आहे. पण शिवणाच्या यंत्राला ते १९२४ सालींच अपवाद करीत होते, आणि त्यांची कसोटी एवढीच होती कीं, यंत्राच्या शेजारीं उभ्या असलेल्या माणसाचें त्यामुळें काय होतें. डीझेल एंजिनाला हीच कसोटी लावून पाहिली, तर त्याचा हिशेब दोन्ही बाजूंनीं मांडावा लागतो. त्यानें आगवाल्याला भट्टीपासून सोडविलें, ही जमेची बाजू. बेलफास्टचीं अठ्ठावीस माणसें आणि विहिरींत गुदमरलेले शेतकरी, ही खर्चाची बाजू. जमेची बाजू एंजिनानें मिळवून दिली. खर्चाची बाजू कमी करणें मात्र त्याच्या हातीं नाहीं. तें काम तेलवाल्याचें आहे, मग तो जहाजावरचा असो कीं बांधावरचा. जाळी साफ करणें, वंगण पाहणें, आच्छादन पुन्हां बसविणें, आणि मोहाच्या क्षणीं दार न उघडणें किंवा विहिरींत न उतरणें, एवढाच त्या कामाचा विस्तार आहे. ज्यांच्या घरीं, शेतांत किंवा गिरणींत असें एंजिन असेल, त्यांनीं आज सायंकाळींच त्याचा धूर कोठें जातो, एवढें तरी पाहून घ्यावें, अशी विनंति करून हें भाषण पुरें करतों.